आधी गाडी, मग ड्रायव्हर

बॉनेटवर तळहात आपटल्याचा आवाज तसा मोठा नव्हता. पिठाची पिशवी ओट्यावर टाकावी, तेवढाच. पण मंगळवारी सकाळी क्लेअरमाँटच्या बेकरीसमोर तो आमच्या गाडीच्या नाकावर झाला आणि तेव्हापासून माझ्या आत होतोच आहे. भांडी घासताना होतो, मोजे वाळत घालताना होतो. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक तरुण बाई उभी होती. छातीशी झोळीत बांधलेलं बाळ, एका हातात पाव, आणि दुसरा हात आमच्या बॉनेटवर. गाडी थांबली होती, पण तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. तिच्या तोंडातून वाफ निघत होती, ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातल्या सकाळी सगळ्यांच्याच निघते तशी. "आजोबा, डोळे आहेत की बटणं?" ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रेक्सने काच खाली केली आणि म्हणाला, "माफ कर पोरी. हीटरचा पंखा बिघडलाय. काचेवर वाफ धरते, समोरचं काही दिसत नाही." तिने बाळाच्या टोपीवर हात ठेवला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि गेली. मी म्हणाले, "हो ना. मेला तो पंखा." आणि हे म्हणताना माझ्या मांडीवर भांडी पुसायचा ओला टॉवेल होता. दोन मिनिटांपूर्वीच मी त्याने काच पुसली होती; माझ्या बाजूची पूर्ण, आणि हात पोचेल तिथवर त्याच्याही बाजूची. काच स्वच्छ होती. त्या बाईच्या हातातला पाव तिळाचा होता, हेसुद्धा मला दिसलं होतं.

रेक्स माझा नवरा. एक्कावन्न वर्षं झाली, आता काही बदलून मिळायची शक्यता नाही. त्यातली चौतीस वर्षं त्याने होबार्टच्या रस्त्यांवर बस चालवली. चौतीस वर्षांत एक आरसा फुटला, तोही डेपोत, दुसऱ्याच्या चुकीने. नवीन माणसाशी ओळख झाली की पाच मिनिटांत तो हे सांगतो, आणि सहाव्या मिनिटाला त्या दुसऱ्याचं नावही सांगतो. मला गाडी चालवता येत नाही. त्याने तीनदा शिकवायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आम्ही घरी येताना एकमेकांशी बोलत नव्हतो. चौथ्यांदा मीच म्हणाले, संसार हवा की लायसन्स, ते एकदा ठरवू. तेव्हा मला वाटलं होतं मी जिंकले. आता गेलं वर्षभर त्याच्या डाव्या बाजूला बसून मी जे करते आहे त्याला काय म्हणावं, मला कळत नाही. मी जगातली सगळ्यात बडबडी बायको झाले आहे. "इथला सिग्नल मेला आपल्याला कायम लालच मिळतो," मी म्हणते, सिग्नल दिसायला लागण्याच्या जरा आधी. "बघ तरी त्या सायकलवाल्याचं जॅकेट, काय रंग निवडलाय." "ही ट्रकवाली माणसं, इतकी हळू कशी जातात?" तो म्हणतो, "नोरी, जरा श्वास घे." पण ब्रेकवर पाय जातो. हे मी मुद्दाम करते असं मला सुरुवातीला माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते मी स्वतःला सांगितलं नव्हतं. ईस्टरला आमची मुलगी रॉबिन जेवायला आली तेव्हा तिने टेबलावरच म्हटलं, "बाबा, मी मागून येत होते. तू दोन लेनच्या मधून चालला होतास. डोळे तपासून घे." रेक्स म्हणाला, "पंख्याचं बघायला पाहिजे. काच धुरकटते." रॉबिनने माझ्याकडे बघितलं. तिची नजर लहानपणापासून अशीच आहे, दाराच्या फटीत पाय घालून उभं राहिल्यासारखी. मी म्हणाले, "पंखाच आहे गं तो. अजून बटाटे घे." तिने बटाटे घेतले नाहीत.

हे सगळं मी करत होते त्याचं कारण गुरुवार. बाकी सगळं मी सोडून देईन, दुकानं पायी दहा मिनिटांवर आहेत, डॉक्टरकडे बसने जाता येतं. पण गुरुवारी आम्ही न्यू नॉरफोकला जातो. तिथे एका घरात आमचा मुलगा ग्रॅहम राहतो. त्याच्यासारखे आणखी तिघे आहेत, आणि त्यांची देखभाल करणारी माणसं पाळीपाळीने येतात. ग्रॅहम चव्वेचाळीस वर्षांचा आहे, बापापेक्षा डोकंभर उंच, आणि त्याच्याजवळ शब्द असतील पंधरा-सोळा. चौदा वर्षांपूर्वी त्याला आम्ही तिथे ठेवला. त्याला आंघोळ घालताना रेक्सची पाठ धरली आणि माझ्याने दोघंही उचलवेनात, म्हणून. ठेवला म्हणजे, पेटी घेऊन गेलो, त्याची खोली दाखवली, चहा घेतला आणि निघालो. गाडीपर्यंत तो आमच्यामागे आला आणि पुढचं दार उघडून आपल्या जागेवर बसला. त्याला वाटलं होतं चहा झाला, आता घरी जायचं. त्याला तिथून उतरवायला पाऊण तास लागला. मी मागच्या सीटवर बसून सगळं बघत होते, माझी पर्स घट्ट धरून, जणू ती कोणी चोरणार होतं. तेव्हा रेक्सने त्याला सांगितलं, गुरुवारी. गुरुवारी येतो, गाडीतून फिरायला जाऊ. त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. ग्रॅहमला वारांची नावं येत नाहीत, पण त्या दिवशी तो सकाळपासून बूट घालून बसतो, असं तिथल्या माणसांनी सांगितलं. त्या घराची एक मोठी गाडी आहे, पण तिच्यात तो बसत नाही. बसवला तर स्वतःचं मनगट चावतो. त्याला आमचीच गाडी लागते, ही तीस वर्षांची पांढरी स्टेशन वॅगन. पुढची डावी सीट त्याची, मी मागे. नदीच्या कडेने प्लेंटी गाव, मग बुशी पार्कचे, बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचे मळे, तिथे थांबून गाडीतच मटणाचं पॅटिस खायचं, परत. आणि जाताना-येताना तो काय करतो, तर समोरच्या जाळीतून हीटरची जी ऊब येते तिच्यावर दोन्ही तळहात धरून बसतो. बोटं फाकवून. "वारा," तो म्हणतो. त्याच्या पंधरा-सोळा शब्दांतला हा सगळ्यात आवडता असावा. त्या वेळी त्याचा चेहरा जसा होतो तसा मी दुसऱ्या कुणाचा होताना बघितलेला नाही. देवळात बघितला नाही आणि बाळंतपणाच्या वॉर्डातही बघितला नाही.

तो वाराच एप्रिलपासून बिघडला. आधी पंखा फक्त शेवटच्या खुणेवर चालायला लागला, तोही किंचाळत. ग्रॅहम एक हात जाळीवर आणि एक कानावर ठेवायचा. मग तो सुरू व्हायला डॅशबोर्डच्या खालून बुक्की लागायला लागली. सिग्नलला थांबलं की रेक्स वाकून एक ठेवून द्यायचा आणि पंखा दचकून चालू व्हायचा. गेले दोन गुरुवार बुक्कीलाही दाद नाही. पहिल्या गुरुवारी ग्रॅहम सगळा रस्ता जाळीवर हात धरून बसला आणि दर थोड्या वेळाने बापाकडे बघून म्हणत राहिला, "वारा नाही." दुसऱ्या गुरुवारी म्हणाला नाही. मनगट तोंडात घेतलं. तरी रेक्स दुरुस्तीचं नाव काढत नव्हता. हा माणूस नळाच्या वॉशरसाठी रविवारची झोप सोडतो, शेजारच्यांची गवत कापायची मशीनं न विचारता उघडतो, आणि हा एक पंखा मात्र चार महिने तसाच. मी विचारलं की म्हणायचा, बघू पुढच्या आठवड्यात. मला वाटायचं वय झालं, वाकवत नसेल. मनाच्या तळाशी मात्र मला बरं वाटायचं, हे कबूल करते. पंखा बिघडलेला होता तोवर दोष द्यायला आमच्याकडे पंखा तरी होता.

बुधवारी जेवण झाल्यावर त्याने जुना तपकिरी स्वेटर चढवला, अंगणातल्या गाडीची डावी दोन्ही दारं उघडली आणि मला हाक मारली, "नोरी, टॉर्च धरायला ये." टॉर्च धरणं हे लग्नातलं सगळ्यात कठीण काम आहे, स्वयंपाक आणि सासू त्यापुढे काहीच नाहीत. नवऱ्याला जिकडे बघायचं असतं तिकडे आपण उजेड टाकायचा, आणि तो कुठे बघतोय हे त्याने सांगायचं नसतं. "तिकडे नाही, इकडे." "इकडे म्हणजे कुठे?" "मी बघतोय तिकडे." असं आम्ही एक्कावन्न वर्षं करतो आहोत. तो सीट मागे सारून पाठीवर आडवा झाला, डोकं डॅशबोर्डखाली, पाय बाहेर, पिवळ्या फुलांच्या वॉटलच्या झाडाखाली पसरलेले. स्वेटर वर सरकून त्याचं पोट उघडं पडलं होतं, पांढरं, केस विरळ झालेलं. मला ते एकदम झाकावंसं वाटलं. मी पायपुसण्यावर गुडघे टेकून बसले आणि त्याच्या पोटावर स्वेटर ओढला. तो म्हणाला, "गुदगुल्या नकोत, कामात आहे." त्याने सामानाचा कप्पा काढून माझ्या हातात दिला, त्यात दोन पेन्सिली, ग्रॅहमची हातमोज्यांची एक जोडी आणि कधीतरीचा चिकटलेला पेपरमिंट. मागे अंधारात तारा आणि एक काळं गोल डबडं. "ही मोटर," तो म्हणाला. "तीन स्क्रू. बघ हं आता, अलगद खाली येईल."

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या मर्व्हचं डोकं वर आलं. सकाळी रेक्सने त्याला भंगारवाल्याच्या वाड्यात पाठवलं होतं, पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा छोटा सुटा भाग आणायला. "घे, मिळाला," मर्व्ह म्हणाला. "तुझ्या गाडीसारख्या चार गाड्या पडल्यात तिथे. त्यांना विचारलं, पाचवी कधी येतेय, तर म्हणाले मालकासकट घेऊ." "तुझ्यासारख्याला घेत नाहीत म्हणून जळतोयस," रेक्स डॅशबोर्डखालून म्हणाला. मर्व्ह हसला, तो भाग माझ्या हातात दिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बरा आहे ना गं हा? मला म्हणाला, तूच जाऊन आण. आयुष्यात पहिल्यांदा." मी म्हणाले, पाठ दुखतेय त्याची. मर्व्ह गेला. मी तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले आणि मला कळलं की मंगळवारी बेकरीवरून घरी आल्यापासून रेक्सने गाडीला किल्ली लावलेली नाही. भंगारवाला गाडीने आठ मिनिटांवर आहे.

मोटर खाली आली तेव्हा तिच्याबरोबर पसाभर पिवळा-करडा कचरा त्याच्या तोंडावर पडला. तो थुंकत, शिंकत बाहेर आला. पंखा म्हणजे आपल्याला वाटतो तसा पात्यांचा नसतो, उंदराच्या चाकासारखा गोल पिंजरा असतो. आणि तो पूर्ण वॉटलच्या बारीक पानांनी आणि फुलांच्या पिवळ्या भुकटीने गच्च भरला होता. आम्ही दोघांनी वर बघितलं. झाड फुललं होतं, अगदी अंगात आल्यासारखं. सव्वीस वर्षांपूर्वी रेक्सने ते लावलं, का, तर हिवाळ्यात त्याच्याखाली गाडी उभी केली की काचेवर दहिवर गोठत नाही. इथे सगळेच असं करतात. सकाळी किटलीतलं गरम पाणी काचेवर ओतून काचा फोडणाऱ्या लोकांना तो हसायचा. आणि त्याच झाडाने वायपरखालच्या जाळीतून रोज चिमूट चिमूट आत टाकत पंख्याचा गळा धरला होता. "काच साफ राहावी म्हणून उभी केली इथे," तो म्हणाला आणि इतका हसला की त्याला खोकला आला. मीही हसले. त्याच्या भुवयांवर पिवळी भुकटी बसली होती. त्याला असा हसताना मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं, देवा, इथेच थांबू दे, मोटर उघडीच राहू दे.

पण तो कामाला लागला. दात घासायच्या जुन्या ब्रशने पिंजरा साफ केला, दांड्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, बोटाने फिरवून बघितला. त्याची बोटं मला फार आवडतात. मी चॉकलेटच्या कारखान्यात पाकिटं भरत होते तेव्हा सकाळच्या पाळीला त्याच्या बसने जायचे, आणि तो सुटे पैसे द्यायचा ती बोटं मी आधी बघितली, चेहरा नंतर. आजही ती तशीच होती, जाड, टोकाला चपटी, आणि बघता बघता मला दिसलं की सगळं काम तीच करत होती. त्याचे डोळे कुठेतरी बाजूला, दाराच्या कडेकडे लागलेले होते. स्क्रूचं भोक त्याने नखाने शोधलं. तारांचा जोड अंगठ्याने चाचपला. "निळी तार कुठली गं, काळ्या रेघेची?" त्याने सहज विचारलं. मी टॉर्च त्या तारेवरच धरला होता. "ही," म्हणून मी त्याचं बोट तिच्यावर ठेवलं. मग एक स्क्रू निसटून पायपुसण्यावर पडला, अगदी मधोमध, चकचकीत, माझ्या गुडघ्याजवळ. त्याचा हात त्याच्या आजूबाजूला फिरला, इकडून, तिकडून. मी स्क्रू उचलून त्याच्या बोटांत ठेवला. आणि तेव्हा मला आणखी एक दिसलं. मी ठेवायच्या आधीच त्याची बोटं उघडी होती. थांबली होती. मग मला आमचं न्याहारीचं टेबल आठवलं, दुधाचा जग मी त्याच्या हाताजवळ सरकवते ते, गोळ्यांची डबी उघडून देते ते, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात असाच उघडा असतो. मी समजत होते मी लपवते आहे. तोही समजत असेल तो लपवतो आहे. दोघं मिळून एकच गोष्ट लपवत होतो, आणि घरात तिसरं कोणीच नव्हतं.

चार वाजता त्याने तो जळलेला छोटा भाग काढून मर्व्हने आणलेला बसवला, मोटर वर ढकलली, तीन स्क्रू आवळले. शेवटच्या स्क्रूला त्याचं बोट सोललं, त्याने ते तोंडात घातलं. मग उठून, गाडीला वळसा घालून, टपावर हात ठेवत ठेवत तो आपल्या जागेवर येऊन बसला. मला म्हणाला, बस. मी ग्रॅहमच्या जागेवर बसले. दारं लावली. त्याने गाडी सुरू केली आणि पंखा पहिल्या खुणेवर लावला. आवाज जवळजवळ नाहीच. जाळीतून थोडी पिवळी भुकटी उडाली आणि मग हवा आली. आधी थंड, वॉटलच्या वासाची, मग कोमट. दुसरी खूण. तिसरी. चौथी. सगळ्या चालल्या. "ऐक," तो म्हणाला, "ऐक कसा बोलतोय." मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. मला इतका आनंद झाला होता की मी त्या आनंदाच्या आड लपू बघत होते. मग त्याने पंखा बंद केला आणि म्हणाला, "काचेवर फुंकर घाल. तुझ्या बाजूने तू, माझ्या बाजूने मी." आम्ही दोन म्हातारी माणसं बंद गाडीत हा-हा करत काचेवर फुंकत बसलो. काच पांढरी झाली. झाड गेलं, रस्ता गेला. त्या पांढऱ्यात बसायला फार बरं वाटत होतं. त्याने पंखा लावला. खालून वर, हळूहळू, काच मोकळी होत गेली. आधी बॉनेट, मग कुंपण, मग रस्ता, मग समोरचं घर.

"समोरच्या घराचा नंबर वाच," तो म्हणाला.

"तुला माहीत आहे की तो."

"वाच गं."

"सतरा."

"स्पष्ट दिसतोय?"

"हो."

तो काही वेळ समोर बघत राहिला. मग त्याने मान जराशी डावीकडे फिरवली, मग उजवीकडे, पक्षी बघतात तसं. "मला घर दिसतंय," तो म्हणाला. "छप्पर दिसतंय, दोन्ही बाजूंची झाडं दिसतायत. जिथे बघतो तेवढंच पुसलेलं असतं. मधलं. त्या दिवशी मला बेकरी दिसली, फुटपाथ दिसला, सगळं दिसलं. ती बाई आणि तिचं पोर बरोबर मधे होती." हवा आमच्या दोघांच्या मधून वाहत होती. "डेपोत नियम होता," तो म्हणाला. "काही झालं की आधी गाडी तपासायची, मग ड्रायव्हर. गाडीत दोष निघाला तर ड्रायव्हरला कोणी विचारत नाही. म्हणून चार महिने मी हिला हात लावला नाही, नोरी. दोष होता तो राहू दिला." त्याने स्टिअरिंगवर तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "आता गाडीत दोष नाही."

मला तेव्हा म्हणायचं होतं की एक गुरुवार. अजून एकच. सावकाश जाऊ, मी बोलत राहीन. हे शब्द माझ्या जिभेवर होते आणि त्यांची मला आजही लाज वाटते. पण त्याऐवजी दुसरंच बाहेर आलं. मी म्हणाले, "काच स्वच्छ होती मंगळवारी. मी पुसली होती. मला ती बाई लांबूनच दिसली होती. मला वाटलं तुला दिसली असेल, आणि मी म्हटलं, आज बोलू नये, एक दिवस तरी नुसतं बसावं. आणि मी गप्प बसले." मी जाळीकडे बघत पुढे म्हणाले, "ते बाळ, रेक्स. आणि हे सगळं मला माहीत होतं वर्षभर. मला ग्रॅहम हवा होता, म्हणून मी दुसऱ्याच्या बाळावर..." तो म्हणाला, "मलाही तोच हवा होता." आणि त्याने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. मधे गिअरचा दांडा होता, तो माझ्या बरगडीत रुतत होता. आम्ही तसेच बसलो, पेट्रोल जळत होतं, त्याला कधी नव्हे ते त्याचंही काही वाटलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "रॉबिनला तू फोन कर. मी केला तर ती मला बोलू देईल आणि मग मी काहीतरी भलतंच बोलेन."

मी फोन केला. दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी ईस्टरपासून सांगतेय. तिच्याजवळ म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, जुनंही. ती सोळा वर्षांची असताना भाऊ बसस्टॉपवर सगळ्यांदेखत तिच्या मैत्रिणीच्या केसांना हात लावायला गेला आणि ती घरी येऊन म्हणाली होती, एक तर तो तरी किंवा मी तरी. मी तिला तेव्हा थोबाडीत मारली होती. त्यानंतर तिने कधी तक्रार केली नाही, आणि ग्रॅहमसोबत गाडीतही कधी बसली नाही. दर महिन्याला त्याच्यासाठी नवीन मोजे पाठवते. फोनवर तिने यातलं काहीच काढलं नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या किती वाजता निघता तुम्ही?" मी म्हणाले, दहाला. "मी कामावर सांगते," ती म्हणाली. "आई, पण तो माझ्या शेजारी बसेल का?" मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

गुरुवारी नदीवर धुकं होतं, तरी ग्रँटनच्या पुढे ऊन पडलं. रॉबिन गाडी चालवत होती, पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखी. रेक्स मागे, माझ्याशेजारी, मधल्या जागेवर. तिथे जुन्या पद्धतीचा नुसता कमरेचा पट्टा आहे. आपल्याच गाडीत तो कधी मागे बसला नव्हता. पाय कुठे ठेवायचे त्याला कळेना. "ही सीट इतकी वाईट आहे आणि तू चौदा वर्षांत एकदा बोलली नाहीस," तो मला म्हणाला. मी म्हणाले, मला बाकीच्या बोलण्यातून वेळ कुठे होता. न्यू नॉरफोकला त्या घराच्या पायरीवर ग्रॅहम बूट घालून उभाच होता. तो आला, आपलं दार उघडलं आणि रॉबिनला बघून तिथेच थांबला. तिच्याकडे बघितलं, स्टिअरिंगकडे बघितलं. "बाबा," तो म्हणाला. "मी इथे आहे रे, मागे. बस," रेक्स म्हणाला. ग्रॅहम बसला, पण दार उघडंच ठेवून, एक पाय बाहेर. मनगट तोंडाकडे चाललं होतं. रॉबिनने घाईघाईने पंखा लावला. ऊबदार हवा आली. ग्रॅहमने हात पुढे करून खटका फिरवला आणि पंखा बंद केला. तिने पुन्हा लावला, त्याने पुन्हा बंद केला. "काय करू?" रॉबिन म्हणाली, आणि मी तिचा तो आवाज ओळखला, सोळाव्या वर्षीचा. मला चौदा वर्षांपूर्वीचा तो पाऊण तास दिसायला लागला.

रेक्स पट्ट्यासकट पुढे वाकला. दोन सीटच्या मधून त्याने डावा हात लांब केला, सोललेल्या बोटाचा, आणि खटका हळूच फिरवला. पंखा सुरू झाला. ग्रॅहम त्या हाताकडे बघत राहिला. हाताच्या डागांकडे, सोललेल्या जागेकडे. मग त्याने पाय आत घेतला, दार ओढलं आणि दोन्ही तळहात जाळीवर धरले. "वारा," तो म्हणाला. रेक्सने हात मागे घेतला तसे ग्रॅहमचे हात खाली आले. रेक्सने पुन्हा खटक्यावर बोटं ठेवली. ग्रॅहमचे हात वर गेले. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं त्याला हवी ती ऊब आणि गाडी. त्याला लागत होता तो हा हात, आणि तो कुठूनही आला तरी चालत होता. रॉबिनने डोळे पुसले आणि गाडी पुढे घेतली.

"बाबा, बुशी पार्कपर्यंत असाच वाकून बसणार आहेस का?" तिने आरशातून विचारलं.

"तू रस्त्याकडे बघ," तो म्हणाला.

प्लेंटीच्या पहिल्या वळणावर त्याचा तोल गेला. मी मागून त्याचा स्वेटर मुठीत धरला, आणि पॅटिस खायला थांबेपर्यंत सोडला नाही.